ट्रॅक्टरची खांदशेकणी

सगळ्या मांजरी टेबल आहेत. काही टेबलं पाण्यात पोहतात. तर काही मांजरी पाण्यात पोहतात, असं म्हणता येईल का?

असल्या प्रश्नांवर माझ्या तरुणपणातलं एक अख्खं वर्ष गेलं. सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी मी आदिलाबादला क्लास लावला होता. तिथे तर्काचा एक विषय होता आणि तो शिकवणारे सर तेलुगूत बोलायचे, फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि वैतागले की हिंदीवर यायचे. त्यांचं पहिल्या दिवशीचं सांगणं मला अजून पाठ आहे. मांजर टेबल असते की नाही याच्याशी तुमचा संबंध नाही. वर दिलेलं खरं धरा, वर्तुळं काढा, आणि खालचं त्यातून निघतं का एवढंच बघा. निघत असेल तर अनुमान वैध, नसेल तर अवैध. "अंते!" असं म्हणून ते खडू खाली ठेवायचे. म्हणजे विषय संपला.

मला हे इतकं आवडलं की मी घरच्यांना जगणं नकोसं केलं. माझा स्वभाव मुळातच खेकसण्याचा, त्यात हे शास्त्र हाती आलेलं. सुट्टीत बाजारहत्नूरकडच्या आमच्या गावी आले की कोण काय बोलतंय त्यावर मी कान ठेवून असायची. "आभाळ आलं, आता पाणी येते," असं कोणी म्हटलं की मी लगेच, "आभाळ आल्यावर दर वेळी पाणी येतं का? मग अवैध!" आई म्हणायची, "वैध का अवैध ते मंग पाह्यजो, आदी वाळवण उचल." वाळवण भिजायचं. पण अनुमान अवैधच होतं, हे मी आजही सांगेन.

बाबांचा मात्र या शिक्षणावर विश्वास बसत नव्हता. एकदा त्यांनी माझं पुस्तक उघडून वाचलं.

"मांजर टेबल कसं असन?" त्यांनी विचारलं.

"समजा असलं तर."

"पण नसते ना."

"बाबा, समजा!"

"अन् याची परीक्षा घेऊन राह्यले? अन् पास झाली का हापिसात बसवतीन?" असं म्हणून ते उठून गोठ्याकडे गेले. गोठा तेव्हा रिकामा होता, आणि सगळं प्रकरण त्या रिकाम्या गोठ्यापासूनच सुरू झालं.

आमच्या घराला पोळ्याचा पहिला मान आहे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्याने शेकतात, ती खांदशेकणी; आणि पोळ्याच्या संध्याकाळी गावातले सगळे बैल सजून आखरात, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, रांगेने उभे राहतात. समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती आमची. मग बाकीच्यांनी जायचं आणि मारुतीच्या देवळापाशी थांबायचं. या मानापायी बाबा वर्षभर ताठ चालायचे. एरवी त्यांना कोणी काही म्हणो, ते हसून सोडून देत. पण मान म्हटलं की त्यांचा आवाज बदलायचा.

त्या वर्षी बाबांनी ट्रॅक्टर घेतला. म्हातारे झालेले दोन्ही बैल आत्याच्या गावी, तिच्या पडीक वावरात आरामात चरायला पाठवून दिले. नांगरणी ट्रॅक्टरने अशी झाली की बाबा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहून दिसेल त्याला बोलावून दाखवत होते. पण कपाशी वीतभर वर आली आणि मग लक्षात आलं की उभ्या कपाशीत ट्रॅक्टर घालता येत नाही. दोन ओळींमधलं तण काढायला डवरा लागतो, आणि डवरा ओढायला बैल लागतात. बैल होते काकांकडे. हे काका म्हणजे बाबांचे धाकटे चुलतभाऊ; त्यांचं घर आमच्या घराला लागून. पण ट्रॅक्टर घेतल्यावर कोणाकडे बैल मागायचे, हे बाबांच्या जिभेवर येईना.

मग घरात आला सायकल डवरा. पुढे सायकलचं एक चाक, मागे पातं आणि धरायला दांडा; माणसाने ढकलत जायचं. तो ढकलायचं काम आईकडे गेलं. कोणी ठरवलं नाही, कोणी सांगितलंही नाही. बाबा ट्रॅक्टर पुसत होते आणि आईने दांडा धरला, इतकंच. जोर पुरेना म्हणून तिने जुन्या ट्यूबचा पट्टा करून दांड्याला बांधला आणि खांद्यावरून घेतला. सगळ्या मोसमात ती अशी वावरभर फिरली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पारावर माणसं जमली. काका आले तेच मुद्द्यावर.

"दादा, यंदा मान माह्या जोडीले पायजे. तुह्याकडं बैल कोठी हाय?"

बाबांचा आवाज बदलला. "मान घराचा असते, बैलाचा नाई."

गावचे पटेल पारावर मधोमध बसले होते. असल्या भांडणाचा फैसला तेच करत. ते म्हणाले, "मान घराचा हे खरं. पण तोरणाखालून नेणार काय तू? मोकळ्या हातानं जाशीन का? न्यायले काई असन तर मान तुहा. नसन तर यंदापासून त्याचा." त्यांनी काकांकडे बोट केलं. बाबांचं तोंड उतरलं. मला ते बघवेना.

मग पटेलांची नजर माझ्यावर आली. "पोरी, तू तेच शिकून राह्यली ना? कोन खरं बोलते, कोन खोटं?"

मी म्हटलं, "नाही पटेल. खरं-खोटं मला कळत नाही. एका बोलण्यातून दुसरं निघतं का, तेवढंच कळतं."

"म्हंजे खरं काय ते तुले नाई मालूम?"

"नाही."

"मंग एवढे दिस काय शिकली?" पार हसला. तरी दुसरं कोणी शिकलेलं हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी मला पुढे बसवलं.

काकांनी आपलं म्हणणं मांडलं. ज्याला मान असतो त्याच्या दावणीला बैल असतात. माझ्या दावणीला बैल आहेत. म्हणून मान मला. त्यांनी हे इतक्या ठसक्यात सांगितलं की चार डोकी हलली. माझं डोकं मात्र तापलं. कारण ही चूक सरांनी आम्हाला फळ्यावर दाखवून दाखवून घोटून घेतली होती. असलं बोलणं तपासायची एक सोपी रीत आहे: सांगाडा तोच ठेवायचा आणि आतली माणसं बदलायची. वरची दोन्ही वाक्यं खरी राहून खालचं खोटं पडलं, की सांगाडाच मोडका.

"काका," मी म्हटलं, "जो पटेल असतो त्याच्या डोक्यावर फेटा असतो. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या डोक्यावर फेटा आहे?"

"हाय ना."

"म्हणून तुम्ही पटेल."

काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान पसरलं, ते मी पाहिलं. पटेलांनी मात्र हात वर नेऊन आपला फेटा चाचपला. "हे नाई जमत," ते म्हणाले. "हे बिलकुल नाई जमत. काढून टाक त्याचं." अशा रीतीने काकांचं अनुमान अवैध ठरलं. मला वाटतं, तर्कशास्त्राला इतक्या तातडीने मान्यता क्वचितच मिळाली असेल.

मग बाबा उभे राहिले. ते आदली रात्रभर, किंवा कदाचित कित्येक दिवस, हे मनात जुळवत असावेत. "पोळा कोनाचा? राबनाऱ्याचा," ते म्हणाले. "जो वावरात राबते त्याची खांदशेकनी करतो आपन, त्याले आवतन देतो, त्याले तोरनाखालून नेतो. आता माह्या वावरात ट्रॅक्टर राबते. म्हनून माहा ट्रॅक्टर तोरनाखालून जाईन!"

कोणीतरी शिट्टी वाजवली. पटेल माझ्याकडे वळले. मी काडी घेऊन धुळीत मोठं वर्तुळ काढलं: ज्यांना तोरणाखालून न्यायचं ते. त्याच्या आत लहान वर्तुळ: जे वावरात राबतात ते. त्याच्याही आत एक ठिपका: ट्रॅक्टर. आतल्या वर्तुळात असलेला ठिपका बाहेरच्या वर्तुळातून निसटणार कसा? मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. "वैध," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मांजर टेबल असते हे त्यांना त्या क्षणी पूर्ण पटलं असावं.

आता काका चिडले. "असं? मंग वहिनी बी राबते वावरात! सारा मोसम डवरा ढकलला तिनं. तिची बी कर खांदशेकनी! तिले बी ने तोरनाखालून झूल घालून!"

सगळा पार हसत सुटला. म्हातारे खोकेपर्यंत हसले. आई पलीकडे हापशावर बायकांसोबत पाणी भरत होती. बायकाही हसल्या. ती हसली नाही.

सगळे हसत असताना मी धुळीतल्या वर्तुळाकडे बघत बसले होते. काकांनी माझीच रीत वापरली होती: सांगाडा तोच, फक्त ट्रॅक्टर काढून आई घातली. हसू आल्यावर वाटावं की झालं, बाबांचं बोलणं मोडलं. पण मोडलं नव्हतं. कारण वैध सांगाड्याला आत कोण आहे याची पर्वाच नसते. मी त्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका काढला.

"काकांचं बरोबर आहे," मी म्हटलं. "हेही वैध आहे."

हसणं हळूहळू थांबलं.

"म्हंजे?" पटेल म्हणाले.

"म्हणजे ट्रॅक्टर गेला तर आईही जाईल. ते नको असेल तर बाबांनी वरच्या दोन वाक्यांपैकी एक नाकारावं. एक तर म्हणावं की पोळा राबणाऱ्याचा नाही. मग ट्रॅक्टरही गेला आणि मानही गेला. नाहीतर म्हणावं की आई राबत नाही. मग सुटले."

बाबांनी हापशाकडे पाहिलं. आई भरलेला गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, डाव्या हाताने उचलत होती. ती नेहमी उजव्याने उचलायची. सगळा पार बाबांच्या तोंडाकडे बघत होता, आणि मला एकदम भीती वाटली की ते आता सोपं तेच बोलतील.

"राबते," बाबा म्हणाले.

"मंग फैसला झाला," पटेलांनी काठी आपटली. "आनशीन तर दोघाले बी. नाईतर दोघाले बी नोको."

खांदशेकणी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीच करायची असते. बैलांचे वर्षभर जू वाहिलेले खांदे हळद घातलेल्या कोमट लोण्याने, पळसाच्या पानाने चोळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. बाबांनी घरी येऊन लोणी गरम केलं, हळद घातली, पळसाचं पान घेतलं आणि वाटी घेऊन ट्रॅक्टरसमोर उभे राहिले.

"खांदा कोनता याचा?" त्यांनी मला विचारलं.

मी मडगार्ड म्हटलं. त्यांना बॉनेट वाटत होतं. आम्ही वाद घातला. जू कुठे बसतं तो खांदा, तर नांगर मागे जोडतात, म्हणजे याचा खांदा मागच्या बाजूला, असं मी सिद्ध करून दिलं. बाबांनी मागे जाऊन तिथल्या ग्रीसवर लोणी चोळायला घेतलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ट्रॅक्टरने आवतन घेतलं की नाही, कळलं नाही. बैल निदान कान हलवायचे.

तेवढ्यात आईने पाट आणला, चाकाशेजारी ठेवला आणि त्यावर बसली. तिने उजव्या खांद्यावरून पदर आणि चोळीची कड बाजूला केली आणि मला विचारलं, "पोरी, तू ते गोल काढलं होतं ना? मी आत हाव का बाहेर?"

"आत," मी म्हटलं.

बाबा वाटी घेऊन तसेच उभे. मला वाटलं, आता ते हसण्यावारी नेतील. पण ते खाली बसले. त्यांनी पान लोण्यात बुडवलं, तिच्या खांद्याला लावलं, आणि हात थांबला. ट्यूबच्या पट्ट्याने तिथे काळा घट्टा पडला होता.

"हे कवा झालं?"

"डवरताना."

"सांगतलं काऊन नाई?"

"बैलानं सांगतलं होतं का कवा? तरी दर साल शेकतच होते ना तुमी."

बाबा खूप वेळ चोळत राहिले. मी कंदील नसतानाही कंदील शोधायला म्हणून घरात गेले आणि दाराआडून बघत राहिले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते कोणी पाहावेत अशी माझी इच्छा नव्हती. शेवटी बाबा म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला अहो-जाहो केलं असेल.

"येतो," आई म्हणाली. मग पदर सारखा करत, "अन् आवतन दिलेल्यानं चूल पेटवाची नसते. बैल कवा पुरन वाटतात का?"

हे निष्कर्षावरून निघालेलं पुढचं अनुमान होतं आणि तेही वैध होतं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या बाबांनी आणि मी केल्या. पुरण इतकं पातळ झालं की ते वाढावं लागलं भातावर. धुळीत काडीने सुरेख वर्तुळं काढणाऱ्या मला पोळपाटावर एकही वर्तुळ जमलं नाही. आई ओसरीवर बसून जेवली आणि म्हणाली, "बैल गरीब जात. तुमी देसान ते खातात." पण तिने मागून घेतलं.

दुपारी बाबांनी ट्रॅक्टर धुतला, फुगे बांधले, बेगड चिकटवली. मग झुलीकडे बघून ते आईसमोर घुटमळले. "झूल नाई घालनार मी," ती म्हणाली. "अन् शिंगं रंगवाले या नोका, म्हंजे झालं."

बाबा ट्रॅक्टरकडे वळले. मग एकाएकी त्यांनी फुगे सोडायला सुरुवात केली. मला वाटलं, मान सोडला. मी म्हटलं, "बाबा, वैध आहे ना! मी सांगितलं ना!"

"हाय ना वैध. पन हा मिरगात एकदा नांगरते अन् मंग सावलीत उभा राह्यते," ते म्हणाले. "बैलाचं काम कोनं केलं यंदा?" आणि गोठ्यातून त्यांनी सायकल डवरा बाहेर काढला. चाकाला बेगड लावली, दांड्याला घुंगरांची माळ बांधली. फुगेही तिथेच आले.

आखरात पंधरा-वीस जोड्या उभ्या होत्या, रंगवलेली शिंगं, झुली, डफडी, सगळा थाट. आणि सगळ्यांत पुढे, पहिल्या मानाच्या जागी, फुगे लावलेला एक सायकल डवरा. दांड्याचा पट्टा बाबांच्या खांद्यावर. लोक हसत होते ते सांगायला नको. पटेलांनी आधी डवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डवराही राबणाऱ्यांच्याच वर्तुळात होता, म्हणून मी होकाराची मान हलवली. त्यांनी काठी वर केली आणि डफडं वाजलं.

आई तोरणाखालून पुढे चालत गेली, ताठ. तिच्या चोळीच्या खांद्यावर हळदीचा पिवळा डाग होता, धुऊनही न गेलेला. मागून बाबा डवरा ढकलत निघाले. देवळापर्यंत चढ आहे. बैलांच्या मागे चालताना त्यांना तो कधी जाणवला नसावा. निम्म्या वाटेवर त्यांचा फेटा सुटला. देवळापाशी पोचले तेव्हा बोलायला दम उरला नव्हता.

"इतकं जड हाय हे?" ते कसंबसं म्हणाले.

"हा तर रस्ता हाय," आई म्हणाली. "ओल्या वावरात ढकलून पाहा."

काका आपली जोडी घेऊन मागून आले. बाबांनी खांद्यावरचा पट्टा काढला, जरा वेळ हातातच धरला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "शेवटची डवरनी राह्यली माही. तुहे बैल देशीन का?"

"तूच मागतले नाई," काका म्हणाले. "मी तं वाटच पाहून राह्यलो होतो." एवढं झालं, आणि सायकल डवरा गोठ्याच्या आढ्याला टांगला गेला तो आजतागायत तिथेच आहे. काकूंनी त्या दिवशी आईच्या खांद्यावरचा डाग बघून चौकशी केली होती. ती चौकशी घरोघर पोचली असावी, कारण पुढच्या वर्षी पोळ्याला गावात लोणी कमी पडलं.

मी त्या परीक्षेत पास झाले नाही. आता आदिलाबादलाच एका क्लासमध्ये मांजरी आणि टेबलं शिकवते. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी, काहीही झालं तरी, घरी जाते. त्या पुढच्या वर्षीही गेले होते. तोवर डवरणी काकांच्या बैलांनी झाली होती. काकांचे बैल आमच्या अंगणात बांधलेले, बाबांनी त्यांचे खांदे शेकले, आवतन दिलं. आई आधीच पाट घेऊन बसली होती.

बाबा वाटी हातात धरून माझ्याकडे वळले. मिशीत हसत होते. "पोरी, हे पाय. जो वावरात राबते त्याची खांदशेकनी. यंदा इनं डवरा धरलाच नाई. म्हनून यंदा इची खांदशेकनी नाई. बसते का तुह्या वर्तुळात?"

आईने पदर बाजूला केला होता. घट्टा जवळजवळ गेला होता. तिने मान न वळवता म्हटलं, "सांग वो पोरी तुह्या बापाले."

"अवैध, बाबा," मी म्हटलं. "राबणाऱ्याची करायची म्हटलं, याचा अर्थ न राबणाऱ्याची करायची नाही असा होत नाही."

"मालूम हाय मले," बाबा म्हणाले. त्यांची बोटं केव्हाच लोण्यात बुडाली होती.